जावईबापू, उंट मागे घ्या!

"ठोंब्या हा शब्द तिला कोणी शिकवला, तेवढं सांगा," मुलगी म्हणाली. "मी नाही शिकवला. आईनं नाही. मग काय, दुकानातल्या आरशांनी शिकवला?"

अप्पांनी काच कापायचा हिरा शर्टाच्या खिशात ठेवला, काढला आणि परत ठेवला.

"पोरं काय, कुठूनही उचलतात," ते म्हणाले.

"कुठूनही नाही, पूर्वेच्या स्टँडातून उचलतात! तुमच्या मांडीवर बसून! बाईंनी वर्गात विचारलं, तुमचे बाबा काय करतात? कोणाचे बस चालवतात, कोणाचे दात काढतात. आमची कन्या उभी राहून सांगते, माझा बाबा ठोंब्या आहे, तो दर रविवारी डावीकडचं दार उघडं टाकतो आणि मग लोक आत घुसतात. बाईंनी मला बोलावून घेतलं, दार लावलं आणि हळू आवाजात विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना?"

मागे पाठमोरी उभी राहून आरसा पुसणाऱ्या आईचे खांदे गदगदा हलायला लागले.

"आई, हसू नकोस!"

"मी कुठे हसतेय? धूळ गेली नाकात."

"तसं पोरीचं काय चुकलं पण?" अप्पा म्हणाले. "डावी बाजू उघडी राहतेच."

हे बोलायला नको होतं. मुलीनं पर्स काउंटरवर आदळली. काउंटरवरची काच जाड होती म्हणून वाचली.

"अप्पा, नीट ऐका. रविवारी संघ हरला तर तुमच्या जावयाला कोचपदावरून काढणार आहेत. कमिटीनं तोंडावर सांगितलंय. मग त्याच्या भावाच्या गावी शाळेत खेळाच्या शिक्षकाची नोकरी आहे, ती घेऊन आम्ही तिकडे जाणार. रेल्वेनं अख्खी रात्र आणि वर अर्धा दिवस. वर्षातून एकदा याल नातीला बघायला, तेव्हा शिकवा तिला काय शिकवायचं ते."

अप्पांचा हात खिशावरच राहिला. नात रोज शाळा सुटली की आधी दुकानात यायची. उरलेल्या काचेच्या पट्ट्यांतून रस्त्याकडे बघायची, आणि हिरव्या पट्टीतून बघितलं की आजोबा बेडूक दिसतात असं रोज नव्यानं सांगायची.

"रविवारी मी तोंड उघडणार नाही," ते म्हणाले. "शप्पथ."

"तुमच्या शपथेवर माझा काडीचा भरवसा नाही. आई येईल बरोबर, तुमचं तोंड धरायला."

"मी?" आई आरशातूनच म्हणाली. लग्न होऊन आयुष्य गेलं, पण तिनं मैदानात पाऊल टाकलं नव्हतं. तिच्या मते फुटबॉल हा रविवारी नवरा घराबाहेर राहावा म्हणून काढलेला खेळ होता, आणि त्याबद्दल तिची काहीच तक्रार नव्हती.

अप्पांचं दुकान खाली आणि घर वर. खिडक्यांच्या काचा, आरसे, फोटोच्या चौकटी. पांढऱ्या पेन्सिलीनं खूण करायची, पट्टी टेकवायची, हिरा एकदाच ओढायचा आणि टेबलाच्या कडेवर हलकासा दाब द्यायचा, की टक्! काच सरळ दुभंगायची. "दुसऱ्यांदा रेघ ओढली की काच रुसते," असं ते म्हणत. पुसायचं काम मात्र बायकोचं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिनं बघितलं, की नवरा काच पुसतो म्हणजे बोटांचे ठसे इकडून तिकडे नेतो. तिनं फडकं काढून घेतलं ते आजतागायत परत दिलं नाही. आधी ओलं फडकं, मग कोरडं वर्तमानपत्र. तिचा हात फिरल्याशिवाय काच दुकानाबाहेर पडायची नाही.

आणि रविवार दुपार म्हणजे पूर्वेचा स्टँड, वरून तिसरी रांग, खांबाजवळची जागा. ती अप्पांनी ब्रह्मचारी असल्यापासून धरली होती. पश्चिमेचं ऊन समोरून यायचं, सगळा स्टँड भाजून निघायचा, आणि त्या जाडजूड खांबाची सावली तेवढी तिघांवर पडायची. मधे अप्पा, एका बाजूला कोपऱ्यावरचा केमिस्ट, दुसऱ्या बाजूला ड्रायव्हिंग स्कूलवाला. त्या फळीवर चुकून कोणी नवखा बसला, तर अप्पा यायच्या आतच लोक त्याला उठवायचे.

जावई आधी त्याच संघात खेळायचा, मधल्या फळीत. पास द्यायचा तो आडवाच, म्हणून अप्पा त्याला तेव्हा 'आडवा' म्हणायचे. एकदा तो संघाच्या फोटोला चौकट करून घ्यायला दुकानात आला. काउंटरवर मुलगी होती. मग चौकटीचा कोपरा ढिला आहे म्हणून आला, मागची पट्टी हलते म्हणून आला, काच फोटोला चिकटते म्हणून आला. अप्पांच्या चौकटीत कधी खोट नसते, तेव्हा खोट कुठे आहे ते अप्पांना कळलं. "आडवे पास देतो," त्यांनी बायकोला सांगितलं, "म्हणजे भांडकुदळ नाही. होऊन जाऊ दे."

खेळाडू जावई म्हणून सगळं सुरळीत चाललं होतं. तो कोच झाला आणि पंचाईत झाली. घरी 'या जावईबापू, बसा, पंखा लावू का?' मैदानाच्या फाटकातून आत शिरलं की 'अरे ठोंब्या, डोळे फुटले का तुझे!' आणि संध्याकाळी परत 'दमला असाल, पाय सैल सोडून बसा.' जावई दोन्ही ऐकून घ्यायचा. मुलगी म्हणायची, अप्पांच्या जिभेला हाड नाही. अप्पा म्हणायचे, जिभेला हाड असतं तर ती वळली कशी असती?

त्यांची तक्रार जुनीच होती. सामन्याच्या पहिल्या अर्ध्यात मागे डावीकडे कोणी नसतं, आणि दुसऱ्या अर्ध्यात पुढे उजवीकडे कोणी नसतं. "एक भोक बुजवायला दुसरीकडचं ठिगळ काढतो हा माणूस!" डाव्या बाजूला खेळणाऱ्या बॅकचं नाव त्यांनी 'गैरहजर' ठेवलं होतं. तो मध्यंतरानंतर कामावर येतो, असं त्यांचं मत. उजवीकडून पळणारा चपळ पोरगा 'शिंपी', कारण तो कडेच्या रेषेला टीप मारत गेल्यासारखा जायचा. पण मध्यंतरानंतर त्याचा दोरा संपायचा आणि तो दिसेनासा व्हायचा. आधीच्या कोचांच्या वेळीही हेच चालायचं. क्लबच्या पाण्यातच ती खोड आहे, असं अप्पांचं निदान होतं.

शपथ रविवारपुरती होती. दुसऱ्या दिवशी दुकानात तिघं जमले, तेव्हा टेबलावर एक नवी कोरी काच कापून ठेवलेली होती. कोचच्या केबिनची. तिची आधीची काच गेल्या सामन्यानंतर स्टँडातून आलेल्या एका चपलेनं फुटली होती. चप्पल कोणाची, ते कोणालाच माहीत नव्हतं. केमिस्ट त्या संध्याकाळी एक पाय अनवाणी घरी गेला, एवढंच.

"घरच्या मैदानावर पुढे एकच माणूस!" केमिस्ट म्हणाला. "एकच! डोकं फुटायची वेळ आली आणि हा अर्धी गोळी देतो."

"पहिल्या गिअरमधून बाहेरच येत नाही," ड्रायव्हिंग स्कूलवाला म्हणाला. "समोर रस्ता मोकळा, चढ नाही, वळण नाही, आणि हा आपला घरघर घरघर. मागे पाच जण ठेवून!"

"पाच कुठले? चार. गैरहजर धरून पाच."

"मग तुम्ही काय केलं असतंत अप्पा?"

अप्पांना एवढंच हवं होतं. त्यांनी पांढरी पेन्सिल काढली, आणि बोलता बोलता टेबलावरच्या काचेवर गोल काढून त्यांत नावं लिहायला लागले.

"उंट पुढे."

"उंट?" दोघं एकदम ओरडले. उंट म्हणजे बचावाच्या मधोमध उभा राहणारा ताडमाड गडी. "अहो, तो मागे आहे म्हणून तर तिथे कोणी फिरकत नाही."

"एवढी उंची मागे कशाला? फळीवरचे डबे काढायला उंच माणूस लागतो, तो स्वयंपाकघरात ठेवायचा की अंगणात?"

केमिस्टनं विचार केला. "स्वयंपाकघरात."

"झालं तर. गैरहजर बाहेर. असून नसून सारखाच. त्याच्या जागी डावीकडे शिंपी."

"शिंपी थांबेल तिथे?"

"न थांबायला काय झालं? हा बघ, बाण काढलाय."

बाण खरोखर सुरेख होता. केमिस्टला पटलं, ड्रायव्हिंग स्कूलवाल्याला तर इतकं पटलं की हे आपणच सुचवलं असं तो घरी सांगणार होता. चहा घेऊन बायको खाली आली, तेव्हा अकरा गोल आणि बाणांची जत्रा भरली होती.

"ही काच कोणाची?"

"जावईबापूंच्या केबिनची."

"मग त्यांच्याच काचेवर त्यांनाच अक्कल शिकवताय?"

"पुसशील ना तू," अप्पा म्हणाले आणि समोरच्या गल्लीत खिडकीचं माप घ्यायला निघून गेले.

दुपारी हातगाडीवाला काच घेऊन गेला, क्लबच्या सुतारानं ती बसवली. अप्पा स्वतः गेले नाहीत. रविवारपर्यंत जावयासमोर न जाणंच बरं, असं त्यांनी ठरवलं होतं.

रविवारी खांबाजवळच्या जागेवर चौघं दाटीवाटीनं बसले. केमिस्टनं खोकल्याच्या गोळ्यांची पुडी आणली होती. "एक संपली की दुसरी. तोंड रिकामं राहता कामा नये."

"अहो," बायकोनं विचारलं, "या खांबामागे काय आहे?"

"काही नाही."

"काही नाही कसं? मैदान इथेच संपतं?"

"मैदान आहे गं. पण तिथे कोणी नसतं. तेच तर रडगाणं आहे."

काचेवर डाग दिसला की ती कडेनं तिरकं बघायची, तशी ती वाकून खांबाआड बघायला लागली. शिट्टी झाली.

उंट लांब ढांगा टाकत मैदानाच्या पुढच्या टोकाला जाऊन उभा राहिला.

अप्पांनी गोळी अख्खी गिळली.

"उंट पुढे?" केमिस्ट किंचाळला. "वेड लागलं का या माणसाला?"

"गैरहजर बाहेर बसलाय! शिंप्याला मागे नेलंय! अरे, उलट्या बाजूनं गाडी घातली यानं!"

"हे डोकं कुठल्या गाढवाचं?"

अप्पांनी तोंडावर हात धरून जोरजोरात मान हलवली. काचेवर अकरा नीटनेटके गोल होते. इथे घामाघूम माणसं धडपडत होती आणि बाणांचा कुठे पत्ता नव्हता. तिघांपैकी एकालाही दुकानातली ती काच आठवली नाही. उंट पुढे उभा राहून चेंडू आला की दचकत होता, आणि मागे त्याच्या जागेवर असा शुकशुकाट होता की तिथे कपडे वाळत घालावेत.

मग व्हायचं ते झालं. चेंडू खांबामागे गेला. खांबामागून निघाला तो मोकळ्या जागेवरून तरंगत थेट पाहुण्यांच्या पायात, आणि तिथून जाळ्यात.

सगळं मैदान गार पडलं. अप्पा उभे राहिले. बायकोनं सदरा धरला, तो हातातून सुटला. पण बायको शेजारी होती, म्हणजे अर्धं घर शेजारी होतं. त्यामुळे तोंडाचं काय करायचं ते तोंडालाच कळेना. घरचं आणि मैदानाचं एकत्र होऊन, त्या भयाण शांततेत, या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं बाहेर पडलं:

"जावईबापू! अहो जावईबापू! उंट मागे घ्या!"

मग खालच्या रांगेत एकजण खुदकन हसला. मग त्याचा शेजारी. मग हसू पायऱ्या उतरत गेलं, कोपऱ्यावर वळलं आणि सगळ्या स्टँडात पसरलं. कोणीतरी टाळ्यांचा ठेका धरला, आणि हजार माणसं एका सुरात ओरडायला लागली: "जावईबापू! उंट मागे घ्या! जावईबापू! उंट मागे घ्या!" पाहुण्या संघाचे लोकही ओरडत होते, त्यांना काहीच माहीत नसताना. पाहुण्यांचा गोलकीपर पोट धरून हसत होता. समोरच्या स्टँडात मुलीनं पर्स तोंडासमोर धरली होती, आणि तिच्या शेजारी बाकावर उभी राहून नात दोन्ही हात वर करून आपल्या बापाला ओरडत होती, "जावईबापू!"

कोच रेषेपर्यंत आला, त्यानं पूर्वेच्या स्टँडाकडे बघितलं आणि मान खाली घातली. त्याचे खांदे त्या दिवशी दुकानात आईचे हलले तसे हलत होते की काय, ते इतक्या लांबून कळेना.

"शपथेचं काय झालं?" बायकोनं विचारलं.

"मी वाईट शब्द एकही वापरला नाही," अप्पा म्हणाले आणि मटकन बसले. आता त्यांना आठवत होती ती रेल्वे. अख्खी रात्र आणि वर अर्धा दिवस.

मध्यंतरानंतर उंट मागे आला, गैरहजर हजर झाला आणि शिंपी आपल्या उजव्या बाजूला पुढे गेला. खेळ एकदम मार्गी लागला, निखळलेलं दार बिजागरीत बसावं तसा. थोड्या वेळानं खांबामागून एक चेंडू असा गोड वळून आला की पुढच्या गड्याला फक्त पाय लावायचा उरला. बरोबरी!

"टाकला कोणी?" अप्पा नाचत ओरडले.

"शिंप्यानं," खांबाआड मान घालून बसलेली बायको म्हणाली.

"शिंपी कुठून येणार तिथे?"

त्यावर बोलायला कोणाला वेळ नव्हता. शेवटी शेवटी कॉर्नर मिळाला. उंट कोणी न सांगता, फिरायला निघाल्यासारखा रमतगमत पुढे आला, सगळ्यांच्या डोक्यांवरून डोकं काढलं आणि चेंडू आत ढकलला. केमिस्टनं दोन्ही चपला भिरकावल्या. ड्रायव्हिंग स्कूलवाल्यानं अप्पांच्या बायकोला मिठी मारली, मग घाबरून माफी मागितली, मग अप्पांना मारली. संघ जिंकला होता. कोच वाचला होता. नात कुठेही जाणार नव्हती.

संध्याकाळी मुलगी, जावई आणि नात जेवायला आली. अप्पांची छाती शर्टात मावत नव्हती.

"या जावईबापू. उशिरा का होईना, ऐकलंत. पण पहिल्या अर्ध्यातलं ते खूळ कोणी घातलं होतं तुमच्या डोक्यात? त्या गाढवाला माझ्यासमोर उभा करा."

जावयानं घास खाली ठेवला. "तुमच्यासमोर नाही करता येणार, अप्पा. आरसा आणावा लागेल."

"म्हणजे?"

"नवी काच बसली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी केबिनमध्ये गेलो. ऊन आलं आणि समोरच्या भिंतीवर अकरा गोल उमटले. बाणांसकट, नावांसकट. उंट पुढे, गैरहजर बाहेर, शिंपी मागे. मला वाटलं, अप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा न ओरडता काहीतरी सांगितलंय. नाही कसं म्हणायचं? नाहीतरी मला काही सुचत नव्हतं. म्हटलं, नोकरी जायचीच असेल तर निदान सासऱ्यांच्या मनासारखं करून जाऊ दे."

मुलीच्या हातातला डाव हवेतच थांबला. अप्पा सावकाश बायकोकडे वळले.

"तू पुसली नाहीस?"

"फडकं घेतलं होतं हातात," ती म्हणाली. "मग म्हटलं, इतकी वर्षं दर आठवड्याला हे पुसतेय. एकदा जाऊ दे, जावई बघतील, हसतील. ते खरंच तसं खेळवतील हे मला काय ठाऊक! मला वाटत होतं घरात एकच वेडा आहे."

मुलगी खुर्चीत कोसळली ती हसून. पण बायकोचं अजून संपलं नव्हतं.

"आणि ते खांबामागे कोणी नसतं म्हणता ना? मी सगळा वेळ मान वाकडी करून बघत होते. पहिल्या अर्ध्यात तिथे शिंपी होता. दुसऱ्या अर्ध्यातही तिथे शिंपीच होता."

जावयानं भुवया उंचावल्या. त्यानं मिठाची बाटली उचलून मोठ्या ताटाच्या कडेला ठेवली. "हा खांब. अप्पा, तुम्ही इथे. घरच्या मैदानावर आपण नेहमी या टोकाकडून सुरुवात करतो. म्हणजे पहिल्या अर्ध्यात आपला डावा बॅक..." त्यानं बटाट्याची एक फोड बाटलीमागे सरकवली. फोड दिसेनाशी झाली. "मध्यंतरानंतर बाजू बदलल्या. आता बॅक त्या टोकाला, तुम्हाला छान दिसतो. आणि इथे बाटलीमागे कोण येतो? आपला उजवीकडून पळणारा."

नात खुर्चीवर चढली, एक डोळा मिटून तिनं बाटलीआडून ताटाकडे बघितलं. "अय्या! बटाटा गैरहजर!"

मग मात्र कोणालाच आवरेना. मुलगी हसता हसता रडायला लागली, जावई डोकं टेकून टेबल बडवायला लागला, बायकोला खरोखर ठसका लागला. "तो ड्रायव्हिंग स्कूलवाला!" ती मधेच म्हणाली. "आरशात दिसत नाही तिथे मान वळवून बघा म्हणून जगाला शिकवतो!" आणि परत ठसका.

अप्पा हसले नाहीत. त्यांनी एक डोळा मिटला. फोड दिसेना. मान जरा तिरकी केली. फोड तिथेच होती, सोनेरी, गुबगुबीत, आपली जागा धरून. ती केव्हापासून तिथे उभी होती! आधीच्या दोन्ही कोचांना काढा म्हणून सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच होता, तेही त्यांना आता आठवलं. गैरहजर बिचारा दर रविवारी शिव्या ऐकत, त्यांच्या अगदी नाकासमोर इमानेइतबारे पळत होता.

त्यांनी मिठाची बाटली उचलून टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवली, बटाट्याची फोड खाल्ली आणि हात पुसले.

"पुढच्या रविवारपासून मी समोरच्या स्टँडात बसणार आहे," ते म्हणाले. "खांबाची जागा केमिस्टला."